बाबांचं पथ्य

तिसऱ्यांदाही तोच रंग आला. पारदर्शक तबकडीवर बारीक बारीक खळगे होते आणि एकेका खळग्यात एकेकाच्या रक्ताचा नमुना. रक्तात विकर कमी असेल तर खळगा फिका राहतो, पुरेसं असेल तर गुलाबी होतो. बाबांचा खळगा फिका राहायला हवा होता. तो चांगला गुलाबी होऊन तिच्याकडे बघत होता.

"नळ्या बदलल्या असतील," ती म्हणाली.

"तिन्ही वेळा?" टाक्या सांभाळणारा सहकारी तिच्या खांद्यावरून डोकावला. "ठणठणीत माणूस आहे हा. आणखी थोडा गडद झाला असता तर म्हटलं असतं, तुझे बाबा पोटुशी आहेत!"

एरवी ती हसली असती. प्रयोगशाळेतला हा जुनाच विनोद. सगळ्यांत गडद खळगा नेहमी गर्भार बाईचा असायचा. अंगावर गांधी उठवणारं अन्नातलं हिस्टामिन मोडून टाकणारं हे विकर गर्भारपणात शेकडो पटींनी वाढतं, आणि ते आईचं नसतंच; पोटातलं बाळ आपल्या वारेतून ते आईच्या रक्तात सोडतं. इथे तेच काम पोलादी टाक्यांत चालायचं. माणसाच्या जनुकाची प्रत पेशींत घालायची, त्या पेशी तान्ह्या पोरासारख्या जपायच्या आणि त्यांनी केलेलं विकर गाळून घ्यायचं. आता ते औषध म्हणून माणसांना देऊन बघायची वेळ आली होती. पहिल्या खेपेतच बाबांना ते मिळावं म्हणून तिनं किती जणांचे उंबरठे झिजवले होते.

कारण ती या कामात पडली तीच मुळी बाबांमुळे. टोमॅटो, वांगं, पालक, मासे, चीज, कालचं उरलेलं काहीही. एक घास पोटात गेला की अंगभर गांधी उठतात, डोकं फुटायला येतं. म्हणून तिला आठवतं तेव्हापासून घरात ते शिजलंच नाही. आई दोन्ही वेळा ताजं, फिकं काहीतरी रांधायची आणि मुकाट्यानं बाबांच्या पानातलंच खायची. आई गेली तेव्हा दुःखाच्या जोडीला तिला रागही आला होता. कपाट आवरता आवरता ती बाबांना म्हणाली होती, "तुमच्या पथ्यापायी तिनं आयुष्यात साधा टोमॅटो खाल्ला नाही." बाबांनी नुसती मान हलवली होती.

आणि आता हे रक्त विचारत होतं, कसलं पथ्य?

चाचणी चुकली असेल तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. चाचणी बरोबर असेल तर... तिला पुढचं वाक्य जुळेना. ती नवी सुई घेऊन खाली आली.

बाबा बाकावर बसले होते. रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी कापूस दाबून धरला होता.

"बाबा, पुन्हा एकदा द्यावं लागेल. माझंच काहीतरी चुकतंय."

बाबांनी बाही वर केली. मग खाली ओढली.

"नको आता टोचूस. तुझं काही चुकत नाही. मला काही होतच नाही. व्हायचं ते तुझ्या आईला."

शब्द कळले, पण अर्थ लागेना.

"लग्नाला महिना झाला नव्हता," बाबा म्हणाले. "जेवताना तिच्या अंगावर गांधी उठल्या. तुझी आजी म्हणाली, रोगट पोर बांधली आपल्या गळ्यात. दुसऱ्या दिवशी मीच पानावरून उठलो. म्हटलं, मला हे चालत नाही, अंगाला खाज सुटते. लगेच तुझ्या आजीनं माझं ताट बदललं! सुनेला म्हणाली, याच्यापुरतं वेगळं करत जा आणि तूही त्यातलंच खा, भांडी किती वाढवायची?"

"अहो, पण आजी जाऊन किती वर्षं झाली!"

"तुझी आई म्हणायची, राहू द्या, तुमच्या अंगावर शोभतंय. पुरुषाचं दुखणं लाडाचं, बाईचं उणेपणाचं." बाबा कापसाकडे बघून हसले. "तू इथे लागलीस तेव्हा सांगणार होती. मग म्हणाली, औषध होऊ दे तयार, तेव्हा सांगू. माझ्यापायी पोरीच्या मागे घाई नको."

"मग आज रक्त कशाला दिलंत?"

"मला सांगायला जमेना गं. म्हटलं, रक्तच सांगेल."

राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. आठवणीतली सगळी ताटं उलटीपालटी झाली होती. आई बाबांच्या पानातलं खात नव्हती. बाबा आईच्या पानातलं खात होते. आणि आई गेल्यापासून ती धाडत होती ते फिके डबेही त्यांनी चाटूनपुसून परत केले होते.

"म्हणजे तिला कधीच... एकदाही पोटभर..."

"खाल्लं की! तू पोटात होतीस तेव्हा." बाबांचा चेहरा उजळला. "मागच्या पायरीवर बसून पिशवीतले टोमॅटो कच्चेच खात होती, रस कोपरापर्यंत ओघळलेला. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, चल डॉक्टरांकडे. तर अंगावर एक पुळी नाही! मग काय, पोट दिसायला लागल्यापासून बाईसाहेबांनी काही सोडलं नाही. आम्हाला वाटलं, गेलं दुखणं. तू झालीस आणि पंधरवड्यात सगळं पहिल्यासारखं." त्यांनी कापूस खिशात टाकला. "तेव्हा कुणाचं औषध लागू पडलं होतं, डॉक्टरांनाही कधी कळलं नाही."

वर टाक्यांची घरघर चालू होती. तिनं सुईवर टोपण बसवलं आणि बाबांच्या शेजारी बसली.

"माझं," ती म्हणाली.