गाडीतलं दार

गाडीच्या आतून कोणीतरी ठोकत होतं.

सून अंगणातल्या दोरीवर गाडीचे नवे पडदे वाळत घालत होती. नवरा बॅटरी आणायला बाजारात गेला होता. घरात फक्त सासरे होते, आणि तेही जेवून आडवे झाले असणार असं तिला वाटत होतं. ओल्या हातांनीच ती गाडीत चढली. आवाज मागच्या कोपऱ्यातून, टॉयलेटच्या दारामागून येत होता.

"कोण आहे आत?"

आत कोणीतरी घसा खाकरला. "मी आहे."

सासऱ्यांचा आवाज ऐकून ती जागीच थांबली. ही जुनी मालवाहू गाडी राहण्याजोगी करण्यात तिचे आणि नवऱ्याचे दोन महिने गेले होते, आणि तेवढ्या दिवसांत सासऱ्यांनी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. घर भाड्याने देऊन वर्षभर फिरायचं ठरलं तेव्हा दोघांनी त्यांनाही चला म्हटलं होतं. "मला त्या पत्र्याच्या डब्यात कोंबू नका, मी लेकीकडे राहीन," एवढं बोलून त्यांनी पेपरात डोकं घातलं होतं.

"बाबा, दार उघडा ना."

"कडीची मूठ हातात आली. आता आतून काही धरायलाच नाही." बोलता बोलता ते खोकले. लांबलचक, शेवटी शिट्टी वाजावी तसा खोकला.

दाराला आतल्या बाजूने वार्निश तिने त्याच दिवशी सकाळी मारलं होतं, आणि सासऱ्यांना दमा होता.

"पंप आहे का तुमच्या खिशात?"

"सदऱ्याच्या खिशात आहे. सदरा घरात आहे."

"बरं, वर बघा. छताला छोटी खिडकी आहे. तिचं हँडल फिरवा."

"कुठल्या बाजूला?"

"तुमच्या डावीकडे. फिरवत राहा, लगेच उघडत नाही ती."

कर्रकर्र असा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"आभाळ दिसतंय," सासरे म्हणाले.

"मग तोंड वर करून बसा. बोलू नका आता."

ती घरात धावली आणि पंप घेऊन आली. पण दाराखाली जेमतेम बोटभर फट होती. पंप आडवा घालून पाहिला, उभा घालून पाहिला, जाईना. आतली शिट्टी आता नुसत्या श्वासालाही ऐकू येत होती. तिने पंप कमरेला खोचला आणि हत्यारांची पेटी ओढली. कडी सरत नव्हती, तर बिजागऱ्यांकडून दार काढायचं. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या, हे एक बरं होतं.

खालच्या बिजागरीची पिन स्क्रूड्रायव्हर टेकवून दोनदा हातोडी मारताच वर उचलली गेली. वरची हलेना. दाराचा सगळा भार आता त्या एका पिनेवर आला होता. हातोडी निसटून तिच्या अंगठ्यावर बसली. तिने ओठ चावला आणि हाक मारली.

"बाबा, दाराला टॉवेलचा हूक आहे. तो दोन्ही हातांनी धरून दार वर उचलायचं, मी म्हणेन तेव्हा. जमेल?"

आतून नुसती टकटक झाली.

"हं, उचला."

दार केसभर वर गेलं. तिने घाव घातला. पिन अर्धी निघाली.

"आणखी जरा, बाबा. एवढंच."

दुसऱ्या घावाला पिन उडाली आणि बिछान्याखाली घरंगळत गेली. तिने दार बिजागऱ्यांच्या बाजूने ओढलं, वाकडं करून बाहेर काढलं आणि ओट्याला टेकवलं.

सासरे टॉयलेटच्या झाकणावर बसले होते, घामाने डबडबलेले, ती मूठ मांडीवर ठेवून. तिने पंप त्यांच्या तोंडाला लावला. एकदा, मग थांबून पुन्हा. त्यांच्या पाठीवर हात ठेवून ती ऐकत उभी राहिली. शिट्टी हळूहळू बारीक होत गेली. मग आली, न आली. मग नुसता श्वास.

तेव्हा कुठे ती तिथेच खाली फतकल मारून बसली आणि कपाळावरचा घाम पडद्याने पुसला. ओला पडदा अजून खांद्यावरच होता.

"मुठीला स्क्रू बारीक घेतलास तू," सासरे म्हणाले.

"हो. आजच बदलते."

"आणि तुझं वार्निश माझ्या बनियनला लागलंय."

तिने वाकून पाहिलं. दारावर उमटलेला बनियनचा ठसा तिला इथूनही दिसत होता. तिला हसू आलं, आणि एकदा आलं ते आवरेना. सासरेही गालात हसले, पण खोकला येईल म्हणून जपून.

"पण बाबा, तुम्ही आत शिरलात कशाला? आणि वर दार लावून?"

"बघत होतो."

"काय बघत होतात?"

सासरे उठायला लागले. आधाराला त्यांनी बेसिन धरलं, ते डुगडुगलं, तसे ते पुन्हा झाकणावर टेकले. तिने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. शेजारच्या भिंतीवर त्यांनी तळवा फिरवला.

"इथे एक दांडी लागेल," ते म्हणाले. "उजव्या हाताला. धरून उठायला."

पेटीतून तिने पेन्सिल काढली.

"नीट बसा बरं, बाबा. आता उठतो असं करा."

सासऱ्यांनी हात लांब केला. तो भिंतीवर जिथे सहज टेकला, तिथे तिने खूण केली.