ज्याच्यावाचून अडतं ते

“फक्त इसेन्शियल्स हं!” पिवळ्या हेल्मेटवाला इंजिनिअर ओरडला. इमारतीच्या खांबांना तडे गेले होते. घरटी एकालाच वर सोडत होते, तेही शिट्टी होईपर्यंत.

“इसेन्शियल्स म्हणजे नेमकं काय हो?” म्हाताऱ्या वायरमननं विचारलं. उभ्या आयुष्यात त्याला फ्यूज, स्विच, अर्थिंग एवढंच इंग्रजी लागलं होतं.

“ज्याच्यावाचून अडतं ते.”

“आणि लोक काय काय आणतात?”

इंजिनिअरनं नुसतं बोट दाखवलं. शेजारीणबाई टीव्ही छातीशी कवटाळून जिना उतरत होत्या.

फाटकाशी वायरमनचा मुलगा आणि मुलगी उभी होती. दुरुस्ती होईपर्यंत बाबा मुलाकडे, आई मुलीकडे, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. दोघांना एकत्र ठेवण्याइतकी जागा कुणाकडेच नव्हती. आणि दुरुस्ती किती चालणार, देव जाणे! वायरमनची बायको कट्ट्यावर बसली होती. गुडघ्यांमुळे तिला जिना जमत नव्हता.

“अहो, दोन बॅगा करा,” ती म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

वर गेल्यावर ‘इसेन्शियल्स’ या शब्दानं वायरमनला झपाटलंच. मिक्सर? काही अडत नाही. भिंतीवरचं घड्याळ? ते तर केव्हाचं बंद. टेस्टर त्यानं खिशात घातला, मग परत ठेवला. सूनबाई घरातल्या बटणांना हात लावू देईल तर ना! कपाटं उघडली, फळ्या चाचपल्या, पण अडेल असं काही सापडेना. गंमतच आहे, मग एवढा पसारा जमवला कशाला? शेवटी त्यानं कपडे आणि औषधं भरली. उशाशी बामची बाटली दिसली, तिथं मात्र तो थबकला. ही कुणाच्या बॅगेत? या बॅगेत टाकली, काढली. त्या बॅगेत टाकली, काढली. खालून शिट्टी वाजली, तसा तो बाटली मुठीत धरूनच उतरला.

“बाबा, बाम होय? द्या इकडे,” मुलगी म्हणाली. “कुणाच्या बॅगेत टाकू?”

“तेच तर कळेना गं मला.”

“त्यात काय एवढं!” मुलगा हसला. “दुसरी बाटली आणू की.”

“दहा आण!” वायरमन एकदम उखडला. “माझा हात माझ्या पाठीपर्यंत पोचतो का, ते सांग आधी!”

मुलगा बहिणीकडे बघायला लागला. तेवढ्यात कट्ट्यावरून बायको काठी टेकत उठली आणि नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली.

“आणि मला वाकता येत नाही,” ती मुलीला म्हणाली. “माझे गुडघे काय जावईबापूंनी चोळायचे?”