बेचक्यातला खिळा

"हात ठेव बाणव्वा, आणि बोल," वीरभद्रप्पा म्हणाला.

बाणूबाईचा हात ओंडक्यापासून वीतभर वरच थांबला. आळंदच्या या सॉ मिलमध्ये रीत होती. कापण्याआधी मालकानं लाकडावर हात ठेवून 'आत लोखंड न्हाई' असं म्हणायचं. वीरभद्रप्पाकडं चुंबकही होतं, पण चुंबकाला सालीच्या आतलं कळत नाही, ते झाडाच्या धन्यालाच ठाऊक, असं तो सांगे. एकदा कुणीतरी खोटं बोललं होतं. करवतीच्या पट्ट्याचा तेव्हा उडालेला तुकडा अजून वरच्या पत्र्यात रुतून होता. गिऱ्हाइकाला आधी तो तुकडा दाखवायचा आणि मगच चहा सांगायचा, असा वीरभद्रप्पाचा शिरस्ता.

ओंडका निंबर्ग्याच्या शेतातल्या चिंचेचा. चिंच वावटळीत पडली. लेकानं, योगीराजनं, विकायचं ठरवलं तेव्हा बाणूबाई गप्पच राहिली. सरळ बुंधा जाईल, वाकडंतिकडं बेचकं कोण नेतंय, ते आपल्याच अंगणात राहील, असं ती धरून चालली होती.

पण गुलबर्ग्याहून आलेल्या विजयश्रीनं बुंध्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती टेबलं बनवायची आणि त्यासाठी लाकूड धुंडत गावोगाव हिंडायची. तिनं बेचक्याच्या कापल्या तोंडावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि तळव्यानं चोळलं. करड्या लाकडातून जांभळट तपकिरी लहरी वर आल्या, दुधावरची साय फुंकर मारल्यावर सुरकुतते तशा.

"सरळ लाकूड कुठंबी मिळतंय, मावशी," ती म्हणाली. "असलं मिळायला न्हाई. झाडाला इथं कायतरी टोचलंय. त्याबिगर लाकूड असं वळत न्हाई."

तिनं बेचकंच मागितलं, आणि तेव्हापासून बाणूबाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

टोचलेलं होतंच. योगीराज लहान असताना त्याला फेफरं यायचं. गावातल्या एका अप्पानं मंत्र म्हणून त्या बेचक्यात खिळा ठोकला. पोराचं दुखणं झाडात गेलं म्हणाला. खिळा काढायचा नाही आणि कशाचा ते कुणाला सांगायचं नाही. त्याच आठवड्यात तिनं डॉक्टरच्या गोळ्याही सुरू केल्या होत्या. दोघांपैकी कुणाला वाईट वाटायला नको. फेफरं थांबलं. कुणामुळं थांबलं, हे विचारायच्या भानगडीत ती पडली नाही. गोळ्या पुढं डॉक्टरनंच बंद केल्या. खिळा बंद करायला कुणी आलं नाही. तिथं साल फुगून आली, खिळा दिसेनासा झाला, तरी ती दर अवसेला त्या फुगाऱ्याला हळदकुंकू लावत राहिली.

आणि आता मिलचा माणूस आला नाही म्हणून ओंडका ढकलायला योगीराजच करवतीसमोर उभा होता. बाह्या दुमडलेल्या, केसांत भुसा.

सांगावं, तर हे लोक खिळा उपसून काढणार. न सांगावं, तर पट्टा तुटणार, आणि समोर हाच. विकायचंच नाही म्हणावं, तर कामून ते सांगावं लागणार, त्यालाच. तिनं तिन्ही बाजूंनी विचार केला. तिन्हीकडं लेकच उभा.

"माय, बोल की. कामून थांबलीस?"

"हाय," ती म्हणाली.

वीरभद्रप्पानं बटणावरचा हात काढला. "काय हाय?"

"खिळा."

तिनं बोटानं दाखवलं. सालीच्या भेगांत कुंकू भरलं होतं. योगीराजनं वाकून बघितलं आणि तो हसायला लागला.

"त्यो खिळा? त्यो तर मी कवाच काढलो, माय. चवथीत असताना. भोवऱ्याला आर नव्हती."

बाणूबाई शेजारच्या लाकडावर बसली. योगीराज सांगत सुटला. खिळ्याचं डोकं बाहेरच होतं, दगडानं हलवून हलवून काढला. असा भोवरा साऱ्या गल्लीत कुणाचा फिरला नाही. पुढं तो भोवरा विहिरीत पडला. मार बसेल म्हणून योगीराज घरी बोलला नाही.

"मग तुला काय झालं न्हाई?" तिनं विचारलं.

"भोवरा गेल्यावर? रडलो की."

वीरभद्रप्पा दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. धनीण हाय म्हणते, लेक न्हाई म्हणतो. एका ओंडक्यावर दोन साक्षी आजवर आल्या नव्हत्या. त्यानं योगीराजलाही हात ठेवायला लावलं. योगीराज "न्हाई" म्हणाला. बाणूबाईचे ओठ हलले, पण ती काय म्हणाली ते कुणालाच ऐकू आलं नाही, बहुधा तिलाही. वीरभद्रप्पानं एकदा पत्र्याकडं पाहिलं, योगीराजला बाजूला केलं आणि तो स्वतः करवतीसमोर उभा राहिला.

पट्टा बेचक्यातून सरळ निघून गेला. काही तुटलं नाही.

फळी उघडी पडली. मधोमध एक काळं, अरुंद भोक होतं. सगळ्या लहरी तिथवर येऊन त्याला वळसा घालून गेल्या होत्या. फळी न्यायला आलेल्या विजयश्रीनं लहरींवरून तळवा फिरवला. मग तिनं टेम्पोवाल्याला हाक मारली.

बाणूबाई उठून पुढं आली. तिनं करंगळीचं टोक त्या भोकात घातलं. नेमकं बसलं.

"मावशी, बोट काढता का? फळी उचलायची हाय," विजयश्री म्हणाली.

बाणूबाईनं लेकाकडं पाहिलं. तो दोन्ही हातांनी डोक्यातला भुसा झटकत होता.

"काढू का रे?" तिनं विचारलं.