एकही चूक नाही

“हा विजेचा खांब पोरीच्या डोक्यातून उगवलाय का?” काकांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघत विचारलं.

छापखान्याच्या वरच्या खोलीत हशा पिकला. फोटो मेहुणीने काढलेला होता. डॉक्टरांच्या बायकोची ही धाकटी बहीण शाळेची बस चालवायची, आणि डॉक्टरांनीच तिला या रविवारच्या फोटो मंडळात आणलं होतं. बायकोने भुणभुण लावली म्हणून आणलं, नाहीतर कशाला!

“आणि अर्धा फोटो बसच्या काचेच्या चकाकीने खाल्लाय,” काका पुढे म्हणाले. “पुढच्या रविवारी पुन्हा काढून आण. बस उभी असताना, हं!”

मेहुणीचा चेहरा पडला. डॉक्टरांना बरं वाटलं. आपल्याच माणसाची फजिती बघून बरं वाटू नये, पण वाटलं.

मंडळाची रीत साधी होती. आपला फोटो भिंतीवर लावायचा आणि काकांनी त्यातली चूक काढायची. काकांचा एके काळी स्वतःचा स्टुडिओ होता. हात थरथरायला लागल्यापासून कॅमेरा सुटला होता, आता ते फक्त शिकवायचे. त्यांच्या तोंडातून कोणी सुटायचं नाही. अपवाद एकच. डॉक्टरांचा फोटो लागला की काका मान डोलवायचे.

“वा! यात मी काय बोलणार? असेच काढत राहा.”

ते तळं, ते पहाटेचं धुकं, ती एकुलती एक होडी. दवाखान्याची पाटी नवीकोरी होती तेव्हापासून दातांचे हे डॉक्टर काकांची शाबासकी ऐकत आले होते, आणि दर वेळी त्यांची छाती फुगायची.

शहराचं कलादालन दर वर्षी मंडळातल्या एकाला मोठा हॉल द्यायचं. एकट्याचं प्रदर्शन, बाहेर नावाचा फलक. पूर्वी तो मान बहुतेक वेळा काकांनाच मिळायचा. डॉक्टरांचा दर वर्षी थोडक्यात हुकायचा. यंदा मात्र हॉल आपलाच, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

पण ही मेहुणी! आधी खांब गेला, मग चकाकी गेली. काका नवी चूक काढायचे, ही रडकुंडीला यायची, आणि आठवड्यात सुधारून आणायची. एका रविवारी भिंतीवर बसच्या आरशातली मुलं आली. एक जांभई देणारं, एक शेजारच्याचा डबा हुंगणारं, आणि मागे एकटीच बसलेली एक मुलगी, सरळ आरशात बघणारी. सगळे खुर्च्या सोडून भिंतीजवळ आले.

“मुलगी जरा उजवीकडे हवी होती,” काका एवढंच म्हणाले.

डॉक्टरांना ते बघवेना. जळफळाट, दुसरं काय! काल-परवापर्यंत कॅमेऱ्याचं झाकण काढायला विसरायची ही पोर, आणि आज लोक श्वास रोखून बघतात? दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका पेशंटच्या तोंडात आरसा धरून ते नुसतेच उभे राहिले. शेवटी त्या बिचाऱ्याने हातानेच विचारलं, तोंड मिटू का?

आणि तिथेच त्यांना युक्ती सुचली. चूक दाखवली की ती सुधारते. मग चूक दाखवायचीच नाही! हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि द्यायचं सोडून. असं डोकं आपलंच चालू शकतं, असं वाटून डॉक्टर स्वतःवरच खूश झाले.

संध्याकाळी मेहुणी घरी आली. “भावोजी, खरं सांगा हं. काय चुकतंय माझं?”

“काही म्हणजे काही नाही,” डॉक्टर म्हणाले. “काकांचं फार मनावर घेऊ नकोस. चुका काढायची खोडच आहे त्यांना. आणि ती काचेवरची चकाकी परत आण बघू. तीच तर तुझी ओळख.”

“खरंच?”

“अगं, तुला खोटं सांगून मला काय मिळणार?”

मेहुणी लाजून हसली. “किती मोठं मन आहे हो तुमचं,” ती गेल्यावर बायको म्हणाली. डॉक्टरांनी नम्रपणे चहाचा कप पुढे केला. त्यानंतर मेहुणीचा एकही फोटो त्यांनी कौतुकाशिवाय सोडला नाही.

निकालाच्या रविवारी कलादालनाच्या बाई स्वतः आल्या. डॉक्टरांच्या फोटोंसमोर त्या थांबल्या.

“देखणे आहेत. गेल्या वर्षीचेच ना हे?”

“नाही, यंदाचे.”

“हो का?” म्हणत बाई पुढे सरकल्या. हॉल त्यांनी मेहुणीला दिला.

टाळ्या संपल्यावर मेहुणी धावत आली. “भावोजी, तुमच्यामुळे धीर आला हो! चकाकीचं तेवढं मी काकांना परत विचारलं, आणि नाही ठेवली. रागावू नका. तुम्ही पडलात घरचे, तुम्ही गोडच बोलणार!”

सगळे बोलत, हसत खाली उतरले. डॉक्टर मात्र काका खुर्च्या लावून ठेवत होते तिथे जाऊन उभे राहिले. त्यांना रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता.

“काका, तिला तुम्ही दर रविवारी सोलून काढलंत,” ते म्हणाले. “मला इतक्या वर्षांत एक चूक नाही दाखवलीत. मग हॉल तिला कसा? काय कमी होतं माझ्यात?”

काका हातातल्या खुर्चीवरच बसले.

“कमी काहीच नव्हतं रे,” ते म्हणाले. “तुझ्या चुका मला दिसायच्या, पण आधी मुद्दाम सांगितल्या नाहीत, आणि पुढे खरं सांगायला मला तोंड राहिलं नाही. तू आलास तेव्हा मीही फोटो काढत होतो, मलाही तो हॉल हवा असायचा, आणि या खोलीत भीती वाटावी असा तू एकटाच होतास.”