कपाट हललं

पंचांनी लाल कार्ड वर धरलं तेव्हा सेल्सोच्या तोंडात सूर्यफुलाच्या बिया होत्या.

मैदानात सेल्सोच्या संघाचा गोलरक्षक उनाई डोक्याला हात लावून बसला होता. अगदी गोलसमोर त्याने समोरच्या खेळाडूला आडवं पाडलं होतं. पेनल्टी. अठ्ठ्याऐंशीवं मिनिट, एक-एक बरोबरी, हंगामाचा शेवटचा सामना. हरले तर संघ पहिल्या श्रेणीतून खाली.

"तोंड पूस आणि ऊठ," गोलरक्षकांना शिकवणारा म्हातारा तोमे म्हणाला. "आता तूच आहेस."

सेल्सोने बिया थुंकल्या. हातमोजे घालताना त्याची बोटं भलत्याच जागी शिरायला लागली. वय सदतीस. या क्लबात अकरावं वर्ष. तेवढ्या काळात चार गोलरक्षक आले, नाव कमावून मोठ्या क्लबांत गेले. सेल्सो रोज सगळ्यांच्या आधी सरावाला यायचा, त्यांच्यावर शेकडो चेंडू मारायचा, त्यांच्या चुका सांगायचा आणि रविवारी राखीव खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसायचा. लीगच्या सामन्यातलं एक मिनिटही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. पण त्याची तक्रार नव्हती. पगार वेळेवर होत होता, घर बंदराला लागून होतं. सायडर प्यायला गेला की लोक मायेनं थट्टा करायचे. त्यांनी त्याला नावच ठेवलं होतं, कपाट. कोपऱ्यात उभं, कुणाला न खुपणारं.

तो उठला तशी गॅलरीतून आरोळी आली, "अरे बघा, बघा! कपाट हललं!"

पंधरा हजार माणसं हसली. मग त्यांच्या ध्यानात आलं की आता सगळं या कपाटावरच आहे. हसू गपकन थांबलं.

प्रशिक्षकांना सगळे मिस्टर म्हणत. त्यांनी सेल्सोला जागा करायला आघाडीच्या एका खेळाडूला बाहेर बोलावलं आणि सेल्सोच्या खांद्यावर हात ठेवला. काहीतरी जोरदार बोलायचं होतं, पण सुचेना. "देव बघतोय," एवढंच ते म्हणाले.

"बघू दे की, मिस्टर. मीही अकरा वर्षं बघतोच आहे."

आणि तो पळत सुटला.

बाकावरून गोल केवढासा दिसायचा. आत उभं राहिल्यावर तो कोठाराच्या दारासारखा पसरला. समोर सेर्दा होता. या हंगामात नऊ पेनल्टी, नऊ गोल. चेंडू ठेवता ठेवता तो म्हणाला, "काय काका, गुडघे वाकतात ना अजून?"

"तू मार तर खरं," सेल्सो म्हणाला.

शिट्टी वाजली. सेर्दा धावला. सेल्सोने डावीकडे झेप घेतली आणि हवेत असतानाच त्याला कळलं, आपला हात पोचणार. चेंडू मनगटावर आपटला, खांबाला लागला, बाहेर गेला.

आरोळ्यांनी छप्पर उडालं.

आनंद करायला वेळ कुठे होता! समोरच्यांना कॉर्नर मिळाला होता. ज्या माणसाचा आवाज गॅलरीने कधी ऐकला नव्हता, तो घसा फोडून ओरडत होता, "मागचा पकड! अरे मागचा! माझ्या वाटेतून हट!" चेंडू उंच वळत आला. सेल्सो सात-आठ जणांच्या गर्दीत घुसला, उडी मारली, आणि चेंडू दोन्ही हातांत थप्पकन बसला. छातीशी धरून तो खाली पडला, त्याच्यावर तिघं पडले. नाक गवतात रुतलं होतं, बरगडी ठणकत होती, आणि त्या ढिगाऱ्याखाली सेल्सो हसत होता.

आणखी सहा मिनिटं चालला तो खेळ. त्याने दोन फटके अडवले, एकदा तर पायाने. शेवटची शिट्टी झाली तेव्हा लोक कठडे ओलांडून आत आले आणि कपाट खांद्यांवरून फिरलं.

खेळाडूंच्या खोलीत क्लबच्या अध्यक्ष दोन्या एतेल्विना स्वतः आल्या. डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं, हातात करार होता. "दोन वर्षं, सेल्सो! पगार वाढवून! कर सही!"

याच कागदासाठी सेल्सो दोन महिने त्यांच्या मागे होता. दारात त्याची बायको कोवा उभी होती, रडत आणि हसत.

सेल्सोने पेन घेतलं. "पुढच्या हंगामात मी खेळणार का?"

कोपऱ्यात बूट सोडवणाऱ्या तोमेने मान वर केली.

"अरे, उनाई आहे ना," दोन्या एतेल्विना म्हणाल्या. "तू आमचा आधार आहेस, पाठीमागचा."

"मग नको."

"वेड लागलं का तुला?" तोमे ओरडला. "सदतिसाव्या वर्षी कोण उभं करणार आहे तुला गोलमध्ये?"

"जो करील तो."

सगळ्यांनी कोवाकडे पाहिलं. आता हीच याला शुद्धीवर आणेल.

"माझ्याकडे काय बघता?" कोवा म्हणाली. "पंधरा वर्षं संसार करतेय मी याच्याशी. हा चेहरा आज पहिल्यांदा बघतेय."

सप्टेंबरात डोंगरातल्या एका खाणगावाच्या संघाने त्याला घेतलं. चौथी श्रेणी, पगार निम्म्याहून कमी, मैदानाला खेटून गाईंचा गोठा. पहिलाच सामना पावसात झाला. संध्याकाळी तो घरी आला तो नखशिखांत चिखलाने माखून, भुवईवर तीन टाके घेऊन.

"अगं बाई! काय झालं रे?" कोवाने विचारलं.

"चार गोल खाल्ले, कोवा!" तो दारातूनच आनंदाने ओरडला. "चार! आणि पुढच्या रविवारी पुन्हा मीच आहे!"