तीन जणांसाठी

रीलवरून रेसिपी लिहून देणारी तीन ॲप टीनानं मोबाइलमध्ये घेतली. त्यातलं एकच ठेवायचं होतं, म्हणून तिन्हींना पनीरच्या भाजीची एकच रील दिली.

पहिल्या दोन ॲपनी लिहिलं, चार जणांसाठी. तिसऱ्यानं कांदा-लसूण आपणहून गाळला आणि लिहिलं, तीन जणांसाठी. आपण जैन आहोत, हे तिनं कुठंच भरलं नव्हतं.

"आता आपण दोघंच त हावो," नवरा म्हणाला आणि चहा पिऊन स्टँडजवळच्या दुकानात परत गेला.

सासूबाईंना जाऊन महिना झाला होता. दिवस बुडाल्यावर त्या जेवत नसत. शेवटच्या संध्याकाळी टीना रील पाहत बसली आणि स्वयंपाकाला उशीर झाला. "राहू दे, बेटा," एवढंच म्हणून त्या उपाशी झोपल्या. सकाळी उठल्याच नाहीत. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तिनं रेसिपीत तीनचे दोन केले. पुन्हा तीन झाले.

भिंतीवरचं ऊन वर सरकत होतं. तिनं घाईघाईनं भाजी केली, तिघांची. ताट वाढून सासूबाईंच्या पाटासमोर ठेवलं, तेव्हा बाहेर अंधारलं होतं.

रेसिपीत खाली एक ओळ आली होती. मघाशी ती नव्हती.

"राहू दे, बेटा. आजबी दिवस बुडाला."