साहेबांचं कुलूप

साहेबांनी यंत्राच्या पोटात हात घातला आणि चिरंजीवांची नजर मेन स्विचकडे गेली. त्यावर साहेबांचं कुलूप नव्हतं.

यंत्र पुठ्ठा कापणारं होतं. त्याचं पातं एका फटक्यात पुठ्ठ्यांची चळत कापायचं. हात कापायला त्याला वेगळी मेहनत पडली नसती. म्हणून दुरुस्तीला बसणाऱ्याने आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. मग बाहेरून कोणी चुकूनही यंत्र सुरू करू शकत नाही. कुलूप दिसलं नाही, तर कोणीही, अगदी काल आलेल्यानेसुद्धा, ‘थांबा’ म्हणून लाल बटण दाबायचं. समोर कोण आहे ते बघायचं नाही. चिरंजीव या परदेशी कारखान्यात शिकाऊ म्हणून आले, तेव्हा पहिला धडा हाच होता. त्यावरच्या परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. तीर्थरूपांनी त्या निकालाचा फोटो झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

पण इथे समोर खुद्द विभागाचे साहेब होते. साहेबांना ‘विसरलात’ म्हणायचं म्हणजे काय! चिरंजीवांनी सुवर्णमध्य काढला. ते हळूच सरकत गेले आणि मेन स्विचला पाठ लावून उभे राहिले. कोणी आलंच, तर आधी त्यांना बाजूला करावं लागलं असतं.

काम आटोपून साहेब हात पुसत आले आणि क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले.

“इथे का उभा आहेस?”

“सहज, सर.”

तीर्थरूपांनी उभी हयात एका कचेरीत काढली होती. साहेब आले, साहेब गेले, यांनी एकाशीही वाकडं घेतलं नाही. विमानतळावर त्यांनी मुलाला कानमंत्र दिला होता. “परदेशात दोनच गोष्टी सांभाळ. पासपोर्ट आणि तोंड.” पासपोर्टासाठी आईने बनियनला आतून खिसा शिवून दिला. तोंडासाठी वेगळ्या शिवणकामाची गरज नव्हती. ते लहानपणीच घरच्या घरी झालं होतं.

चिरंजीव दोन्ही गोष्टी जिवापाड सांभाळत. अंधार पडायच्या आत खोलीवर. अनोळखी माणसाशी बोलणं नाही. पोहोचल्याचा फोन रोज. एकदा फोन करायला उशीर झाला, तर आईने घरी जेवणाची ताटं तशीच ठेवली होती.

त्यांच्याबरोबर आणखी एका देशातून आलेली एक उंच मुलगी शिकाऊ होती. दोघांपैकी एकालाच कायम ठेवणार, हे आधीच सांगितलेलं होतं. चिरंजीवांना ती नोकरी मनापासून हवी होती. नुसती मिरवायला नव्हे. त्यांना यंत्रं आवडत. पातं बोथट झालं की ते त्यांना आवाजावरून कळे.

दुसऱ्याच आठवड्यात साहेब त्या मुलीसमोर कुलूप विसरले. “थांबा, कुलूप कुठे आहे?” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की गोदामातली माणसं बाहेर आली. वर तिने लाल बटण दाबलं. सगळा विभाग बंद. साहेब मुकाट्याने गेले, कुलूप घेऊन आले, लावलं आणि कामाला बसले. चिरंजीवांना तिची दया आली.

“चारचौघांत साहेबाचा पाणउतारा?” तीर्थरूप फोनवर म्हणाले. “गेली ती कामातून. नोकरी तुलाच मिळाल्यात जमा धर. तू आपला पायरी ओळखून राहा.”

चिरंजीव राहिले. साहेब मात्र भलतेच विसराळू निघाले. अधूनमधून ते कुलूप विसरायचे, आणि नेमके चिरंजीव जवळपास असतानाच. दर वेळी चिरंजीवांचे पाय आपोआप स्विचकडे वळायचे. पुढे पुढे तर त्यांना त्याचा अभिमानच वाटू लागला. साहेबांचा हात शाबूत होता तो त्यांच्यामुळे, आणि साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता. याला म्हणतात निष्ठा.

शेवटच्या दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

“तुझं काम उत्तम आहे,” साहेब म्हणाले. “यंत्र तुझ्याइतकं तिला कळत नाही. पण नोकरी तिला देतोय.”

चिरंजीवांनी विचारलं, “माझं काय चुकलं, सर?”

साहेबांनी खिशातून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. “हे मी कधीच विसरत नाही. नवीन माणसासमोर मुद्दाम लावत नाही. त्या वेळी वीज मी मागच्या खोलीतून तोडून आलेलो असतो. तिथे माझं दुसरं कुलूप असतं.”

“पण कुलूप नाही हे मला दिसलं होतं, सर. प्रत्येक वेळी. म्हणून तर मी स्विचपाशी उभा राहायचो.”

“माहीत आहे,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. “कुलूप म्हणून तू चांगलाच होतास. पण कुलपं आमच्याकडे भरपूर आहेत. मला ओरडणारा माणूस हवा होता.”

खोलीवर येऊन चिरंजीवांनी घरी फोन लावला. नोकरी गेली, एवढंच सांगितलं. पलीकडे आई रडायला लागली. तीर्थरूपांनी तिच्या हातातून फोन घेतला.

“उगाच कोणी काढत नाही. नक्की काहीतरी बोलला असशील. खरं सांग, साहेबांना उलटून बोललास?”

चिरंजीवांनी बनियनच्या आतला खिसा चाचपला. पासपोर्ट जागेवर होता.

“नाही, बाबा,” ते म्हणाले. “एकदाही नाही.”